पान तीनशे अठरा

१

शेंद्र्याच्या वच्छलाबाईंना जग पिवळं दिसायला लागलं, तेव्हा घरच्यांनी आधी ऊन लागलं असंच धरलं. साल २०१३, एप्रिल महिना, जायकवाडीचा तळ उघडा पडलेला. त्या वर्षी ऊन न लागलेला माणूस शोधायला निघालं असतं तर दिवस मावळला असता. मग उलट्या सुरू झाल्या, नाडी चाळिसावर आली, आणि गुरुवारी दुपारी त्यांना जीपमध्ये घालून शहरात आणलं. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबादच होतं. एका ट्रस्टचं वैद्यकीय महाविद्यालय होतं, त्याच्या रुग्णालयात त्यांना दाखल केलं.

डॉक्टरांनी तपासल्याबरोबर सांगितलं, हृदयाची गोळी जास्त झाली आहे. डिगॉक्सिन. उतारवयाच्या, वाळक्या अंगाच्या, मूत्रपिंड अधू असलेल्या बाईला अर्धी पुरते, तीही एक दिवसाआड. वच्छलाबाई दहा दिवस रोज अख्खी घेत होत्या.

"हे कोणी सांगितलं?" डॉक्टर कडाडले.

सोबत आलेल्या गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरनं पर्समधून एक छापील कागद काढला.

"तुमच्याच लायब्ररीनं," ती म्हणाली.

तासाभरात त्या कागदाची प्रत ग्रंथपाल अनसूया खरवडकर यांच्या टेबलावर आली आणि पाठोपाठ ट्रस्टचे अध्यक्ष तात्यासाहेब यांचा निरोप आला. शनिवारी अकराला समिती बसेल. मंजुषा गायके हिचं कंत्राट रद्द होईल आणि शेऱ्यात 'निष्काळजीपणा' असं लिहिलं जाईल. तोवर कुठे वाच्यता नको.

मंजुषा ही अनसूयाबाईंची सहायक. कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली, घराण्यात ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली पहिलीच. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ती चौथ्यांदा काम करत होती. असा शेरा बसलेल्या मुलीला पुढे शाळेच्या कपाटाची किल्लीसुद्धा कोणी देत नाही, हे अनसूयाबाईंना नीट माहीत होतं.

आता हे लायब्ररीनं गोळ्या सांगायचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तात्यासाहेब परदेशातून एक खूळ घेऊन आले होते. कॉम्प्युटरच्या आत एक गाव वसवलेलं. त्यात प्रत्येकाची एक बाहुली. बाहुली चालते, बसते, बोलायचं ते टाइप करते. त्या गावात महाविद्यालयानं एक वाचनालय बांधलं, पुस्तकांची पानं स्कॅन करून कपाटं भरली, आणि आसपासच्या उपकेंद्रांना कॉम्प्युटर दिले. गावातल्या सिस्टरची बाहुली तिथं येणार, टेबलाशी बसलेल्या ग्रंथपालाच्या बाहुलीला प्रश्न विचारणार. सगळे त्याला 'वरचं वाचनालय' म्हणत, जरी त्याला वर-खाली असं काही नव्हतं. आधी लोक हसले. अनसूयाबाईही हसल्या. पण दिवसाला चाळीस-पन्नास प्रश्न यायला लागले तेव्हा त्यांनी हसणं सोडून नियम घालून दिला. ग्रंथपालानं आपल्या तोंडानं मात्रा सांगायची नाही. आधी विचारायचं, कुणासाठी, वय काय, आणखी आजार कोणते. मग विचारणाऱ्याला बाहुलीसोबत कपाटापर्यंत न्यायचं, पान उघडून समोर धरायचं, आणि शेवटी डॉक्टरकडे पाठवायचं.

कागदावर मात्र एवढंच होतं. सिस्टरनं विचारलं होतं: हृदयाची गोळी, डिगॉक्सिन, म्हातारी बाई, चिठ्ठी घामानं पुसलीय, किती द्यायची? ग्रंथपालाचं उत्तर: रोज एक. पान ३१८.

अनसूयाबाईंनी मंजुषाला बोलावलं. पोरीनं कागद वाचला आणि तिचा चेहरा पडला.

"हे मी लिहिलेलं नाही, मॅडम."

"सोमवारी, आठ तारखेला दुपारी चार ते सहा वरच्या टेबलाशी कोण होतं?"

"मीच. मी जाग्यावरच होते."

"मग उत्तर कोणी दिलं?"

मंजुषानं कागद टेबलावर परत ठेवला. दोन्ही गोष्टी खऱ्या असूच शकत नव्हत्या. पोरगी कुठेतरी खोटं बोलत होती, आणि समितीला दोन दिवस उरले होते.

२

सुयश म्हणजे कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. वरचं वाचनालय त्यानंच उभं केलं होतं, आणि ते लायब्ररीकडे गेल्याचं दुःख तो लपवत नसे.

"मॅडम, माणूस खोटं बोलेल, बाहुली बोलत नाही," तो म्हणाला आणि पडद्यावर त्या दिवसाची नोंद उघडली. "चार वाजून दोन मिनिटांनी बाहुलीची शेवटची हालचाल. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की ती मान टाकते. चार-सातला मान टाकली. चार-बत्तीसला शेंद्र्याचा प्रश्न. चार-तेहतीस व्हायच्या आत बाहुली जागी, उत्तर दिलेलं. मग पुन्हा झोप. चार-पन्नासला पुन्हा जागी. सरळ आहे. दुपारची वेळ, मुलगी पेंगली, दचकून उठली, मनाला येईल ते ठोकलं."

"दुसऱ्या एखाद्या मशीनवरून कोणी लिहिलं नसेल?"

"नाही. तेच मशीन, तुमच्या वाचनकक्षातलं. झोपलेल्या बाहुलीला उठवायला पासवर्ड लागत नाही, एक बटण दाबलं की झालं. पण त्यासाठी त्या खुर्चीत बसावं लागतं."

"उत्तर देताना बाहुली कपाटाकडे गेली होती का?"

सुयशनं नोंद वरखाली केली. "नाही. खुर्चीतून उठलीच नाही."

अनसूयाबाईंना ते पटेना. मंजुषा झोपेतसुद्धा माणसाला कपाटापर्यंत नेल्याशिवाय राहिली नसती. वरचं वाचनालय नवं होतं तेव्हा ती बाहुलीला इतकी चालवायची की सिस्टर लोक कंटाळायच्या.

वाचनकक्षात परतल्या तर दाराशी एक विद्यार्थिनी कपाटांपुढे घुटमळत होती. कूलरसमोरच्या खुर्चीतून, वर्तमानपत्रातून डोळे न काढता आवाज आला, "त्वचारोग ना? चौथं कपाट, खालचा खण, डावीकडून सुरू." हे दत्तोपंत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रोज दुपारी येणारे माजी ग्रंथपाल. अख्खं वाचनालय त्यांच्या डोक्यात होतं, आणि अनसूयाबाईंना टाइपरायटरवर पुस्तकांची कार्डं बडवायला त्यांनीच शिकवलं होतं.

"कधी आलात, सर?"

"कालच. पाडव्याला लेकीकडे पैठणला गेलो, आठवडाभर अडकलो. तुझा चेहरा का असा?"

"काही नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. वाच्यता नको, असा हुकूमच होता.

त्यांनी मंजुषाला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि समोर बसवलं.

"बाहुलीनं पंचवीस मिनिटं मान टाकली होती. आता खरं सांग. नाहीतर मी तुला वाचवू शकत नाही."

३

मंजुषा रडली नाही. रडली असती तर सोपं गेलं असतं.

"टँकर आला व्हता, मॅडम," ती म्हणाली. तीन वर्षांत शिकलेली शहरी भाषा एका दमात गळून पडली. "मी देवळाईच्या पल्याड ऱ्हाते. नवीन प्लॉटिंग हाय. चार-चार मजली बिल्डिंगा हायेत, पण नळ नाय. पाच दिवसाला एकदा टँकर. जो हजर नाय त्याचा ड्रम कोरडा. शेजारच्या केसरबाईचा फोन आला, मी स्कूटी काढली, दोन ड्रम भरले, परत आले. पाऊण तास लागला."

"आणि हे तू मघाशी का सांगितलं नाहीस?"

"ड्युटी सोडून गेले म्हणलं असतं तर तसंबी काढलं असतं. मग वाटलं, जाग्यावर व्हते म्हणावं, कुणी काय सिद्ध करंल?"

"अगं, त्यानं तर गोळीचा गुन्हा तुझ्याच गळ्यात पडला!" अनसूयाबाईंना त्या मुलीचा संताप आला आणि तितकीच कीवही. आगीतून उठून फुफाट्यात पडायचं, आणि तेही स्वतःच्या पायांनी. कॉम्प्युटरच्या आत गावंच्या गावं वसवणाऱ्या शहरात माणसाला दोन ड्रम पाण्यासाठी नोकरी पणाला लावावी लागत होती. पण ते रडगाणं गायला आता वेळ नव्हता.

"जाताना तू बाहेर का पडली नाहीस? म्हणजे बाहुलीला बंद का नाही केलंस?"

"पुन्यांदा चालू करायला दहा मिनिटं लागतात, मॅडम. वाटलं, लगेच येते."

म्हणजे चार ते पावणेपाच खुर्ची रिकामी होती, समोर बाहुली झोपलेली, आणि एक बटण दाबायचा अवकाश. त्या पाऊण तासात वाचनकक्षात जो कोणी होता, त्यानं वच्छलाबाईंची गोळी चौपट केली होती.

४

पुंजाराम शिपाई दाराशी स्टुलावर बसे. आलेल्या-गेलेल्याची त्याची नोंद वहीपेक्षा पक्की होती.

"पाडव्याच्या आदल्या सोमवारचं ना? चांगलं ध्यानात हाय. त्या रोजी कूलरचं पाणी संपलं व्हतं, पोरं सगळी पळाली. चारनंतर तिघंच व्हते. सुयश साहेब प्रिंटर दुरुस्त कराया आले व्हते. हिमानी डॉक्टर मासिकं परत द्याया आल्या. आन् आपले म्हातारे सर. त्यांना कूलर असू नाय तर नसू."

"खुर्चीत कोण बसलं?"

"ते नाय सांगता यायचं, बाई. मी मधीच कूलरसाठी बादली शोधत हिंडत व्हतो. लई हिंडलो, पर पाणी नाय गावलं."

अनसूयाबाई आधी डॉ. हिमानीकडे गेल्या. औषधशास्त्राची निवासी डॉक्टर, हुशार, तोंडानं फटकळ. ग्रंथपालांनी रुग्णांच्या प्रश्नांत पडूच नये, असं तिनं भर बैठकीत म्हटलेलं.

"मी म्हणाले होते ना, एक दिवस कोणीतरी मरेल," हिमानी म्हणाली. "पण मॅडम, माझं म्हणणं खरं ठरवायला मीच कोणाला मारायला बसले, असं वाटतं का तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नाही. तुमचं औषधांचं पुस्तक बघू."

हिमानीनं आपली प्रत पुढे केली. डिगॉक्सिन पान दोनशे सत्याण्णववर होतं. मात्रा अर्धी, वय आणि मूत्रपिंड पाहून आणखी कमी, असं ठळक अक्षरांत. पान तीनशे अठरावर कानात घालायचे थेंब होते.

"अख्खी गोळी रोज, हे आम्हाला कधी शिकवलंच नाही," हिमानी म्हणाली. "परीक्षेत लिहिलं तर नापास करतात."

सुयशला विचारलं तेव्हा तो आधी भडकला, मग त्यानं हात वर केले. "मी प्रिंटरखाली डोकं घालून होतो, मॅडम, खुर्चीत कोण बसलं ते दिसलंच नाही. आणि मला गोळ्यांतलं काय कळतं? कोणी विचारलंच असतं तर मी इंटरनेटवर शोधून चिकटवलं असतं."

ते खरंच होतं. इंटरनेटवरून उचललेल्या उत्तराला पान नसतं. आणि या उत्तराला पान होतं.

पान होतं, पण लायब्ररीतल्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. अनसूयाबाई कपाटापाशी उभ्या राहिल्या. त्या पुस्तकाच्या तीन प्रती, तिन्ही नव्या आवृत्तीच्या. स्कॅन केलेलीही नवीच. रोज एक गोळी हे जुन्या आवृत्तीत असायचं. जुन्या आवृत्तीच्या पाच प्रती त्यांनी स्वतः, दोन वर्षांपूर्वी, 'रद्द' शिक्का मारून, पानं फाडून रद्दीत घातल्या होत्या. औषधांच्या जुन्या पुस्तकाला लायब्ररीत एक दिवसही राहू द्यायचं नाही, कोणी चुकून उघडलं तर माणूस जातो, ही शिस्तच होती.

मग जे पुस्तक इमारतीत नाही, त्याचं पान कोणी उघडलं?

५

शुक्रवारी दुपारी अनसूयाबाई नोंदीचा कागद घेऊन वरच्या टेबलाच्या खुर्चीत बसल्या. समितीला एक रात्र उरली होती. चार-बत्तीसला प्रश्न. चार-तेहतीस व्हायच्या आत उत्तर. त्या उठल्या आणि घड्याळ लावून औषधशास्त्राच्या कपाटापर्यंत चालत गेल्या, पुस्तक काढलं, सूची बघितली, पान उघडलं, परत आल्या. साडेतीन मिनिटं. कपाटं त्यांच्या ओळखीची, पाय त्यांचे, तरी साडेतीन मिनिटं.

पान कोणी उघडलंच नव्हतं.

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. पुस्तक न उघडता पान सांगणारा माणूस. नवी आवृत्ती यायच्या आधीच ज्याचं वाचन थांबलं असा. टाइप करायला ज्याला मिनिटही लागत नाही असा. त्यांनी मनात दुसरं नाव शोधून पाहिलं. खूप शोधलं. चोर सापडू नये असं एखाद्या शोध घेणाऱ्याला कधी वाटत असेल, तर ते त्या दुपारी वाटलं.

मग त्या कूलरसमोरच्या खुर्चीशी गेल्या.

"सर, डिगॉक्सिनची मात्रा कुठे सापडेल?"

दत्तोपंतांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "पान तीनशे अठरा. खालचा परिच्छेद. रोज एक गोळी. का गं? मागच्या आठवड्यातही कोणीतरी हेच विचारत होतं."

"कोण?"

"तुमच्या त्या कॉम्प्युटरवर. पाडव्याच्या आधी. मंजुषा कुठे गेली होती कोण जाणे. कोणी आल्याची घंटी वाजत राहिली, कोणी बघेना. जाऊन पाहिलं, तर एक बाई उभी, म्हणजे चित्रातली, आणि आपली बाहुली मान टाकून बसलेली. बटण दाबलं, उठली. उत्तर देऊन टाकलं. बरं नाही दिसत, दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं."

"मंजुषाला सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? पस्तीस वर्षं रोज तीस-तीस माणसांना पानं सांगितली, त्याची काय डायरी ठेवली?" ते हसले. मग अनसूयाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसणं विरलं.

अनसूयाबाईंनी नवी आवृत्ती आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. दत्तोपंतांनी सरावानं एका झटक्यात तीनशे अठरावं पान उघडलं. कानाचे थेंब. ते बराच वेळ वाचत राहिले, जणू खाली कुठेतरी आपला परिच्छेद असेलच.

"हे कधी बदललं?"

"दोन वर्षं झाली, सर. तुम्ही गेल्यावर."

"आणि ती बाई?"

"वाचली. वॉर्डात आहे. पण उद्या मंजुषाला काढतायत."

दत्तोपंतांनी पुस्तक मिटलं. "मला कोणी सांगितलं कसं नाही?" ते म्हणाले. ते कशाबद्दल म्हणत होते, बाईबद्दल, मंजुषाबद्दल की पानाबद्दल, हे अनसूयाबाईंना कळलं नाही, आणि त्यांना विचारवलंही नाही.

"अकराला ना?" ते उठत म्हणाले. "येतो मी."

६

समितीसमोर दत्तोपंत धुवट शर्ट घालून, छत्री हातात धरून उभे राहिले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर तात्यासाहेब चिडून म्हणाले, "तुम्ही इथले नोकर नाही, काही नाही. हात लावलाच कशाला?"

"बाई वाट बघत होती," दत्तोपंत म्हणाले.

कोणीतरी खोकलं. मग मंजुषानं स्वतःहून टँकरचं सांगितलं, आवाज न चढवता, आणि तात्यासाहेबांच्या कपाळाला पुन्हा आठी पडली. तेव्हा अनसूयाबाई उभ्या राहिल्या.

"दोन तास ती खुर्ची एकट्या मुलीवर सोपवली ती मी. उठायची पाळी आली तर जागी कोण, हे मी ठरवलं नाही. समज द्यायची असेल तर आधी मला द्या. आणि सोमवारपासून टेबलाशी दोघं बसतील. नाहीतर वरचं वाचनालय बंद करा."

बंद करायचं म्हटल्यावर तात्यासाहेब नरमले. ते त्यांचं लाडकं होतं. शेवटी ठरलं ते असं. मंजुषाचं कंत्राट चालू, शेरा रद्द, जागा सोडल्याबद्दल लेखी समज. तशीच समज ग्रंथपालांना. आणि माजी ग्रंथपालांना आजपासून वाचनकक्षात प्रवेश नाही. तशी सूचना ग्रंथपालांनी काढावी.

अनसूयाबाईंना तो निर्णय बरोबर वाटला, आणि तो आपल्या हातानं टाइप करावा लागणार याचं वाईटही वाटलं. त्या जिना उतरू लागल्या. दत्तोपंत मागून उतरत होते.

"उगीच मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "मी असतो तर मीही हेच केलं असतं. वॉर्ड कुठल्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. पण सर, आज राहू द्या."

"आजच."

वच्छलाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. सूनबाई डबा उघडत होती. दत्तोपंत खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, छत्री भिंतीला टेकवली, हात जोडले.

"बाई, ती गोळी मी सांगितली होती. चूक माझी आहे."

वच्छलाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग ती पोरगी कशापायी रडती? परवाच्याधरनं सांज-सकाळ येती. पाय चेपती माझे. म्हणती, आजी, माझ्यामुळं झालं, मी जागा सोडली, मला माफ करा. म्या म्हणलं, बाई गं, तू पाण्याला गेलतीस, पाण्याला कोण जात नाय? तर आणखीच रडाया लागती. तिचा गुन्हा नव्हता, तर तिला दोन रोज असं कुणी जाळलं?"

अनसूयाबाईंना हे ठाऊक नव्हतं. मंजुषानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

कुठल्याही प्रश्नाला, कुठल्याही माणसाला, खुर्चीतून न उठता उत्तर देणारा तो माणूस वच्छलाबाईंकडे नुसता बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण काही सापडत नव्हतं. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो ते पुसायचंही विसरला.

वच्छलाबाईंनी पाय आखडून खाटेवर जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "नसंल ठावं तर नाय ठावं म्हणावं माणसानं. त्यात काय एवढं? बसा हितं."

"नाही माहीत, बाई," दत्तोपंत म्हणाले, आणि खाटेच्या कडेला बसले.